पाइप हद्दीपाशी का थांबतो? : टेक्सासच्या कॉलोनिया आणि आमची खाडीकाठची वाडी

खाडीकाठ

गेल्या महिन्यात आमच्या वाडीतल्या सात विहिरींचं पाणी तपासलं. पद्धत साधी आहे. औषध घातलेल्या बाटलीत पाणी भरायचं, ती घरात ठेवायची आणि एक-दोन दिवस वाट बघायची. पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. सातपैकी पाच बाटल्या काळ्या पडल्या. त्यातली एक आमच्याच घरची. त्या विहिरीच्या पाण्यावर मी लहानाचा मोठा झालो, म्हणून हा धागा काढतोय.

वाडी सिंधुदुर्गात आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. घरं दाट, माड दाट, प्रत्येकाच्या परड्यात विहीर आणि आता प्रत्येकाच्या परड्यात संडासाची टाकीही. जवळच्या शहरासाठी भुयारी गटार योजनेचा आराखडा झालाय. नकाशावरची लाल रेघ शहराच्या हद्दीपर्यंत येते आणि तिथे संपते. हद्दीपासून आमचं पहिलं घर चालत दहा मिनिटांवर आहे.

ती रेघ बघून मला एल पासो आठवलं. नोकरीची नऊ वर्षं मी तिथे काढली, टेक्सासच्या टोकाला. रिओ ग्रांदे नदी ओलांडली की मेक्सिको. नदीच्या अलीकडे, म्हणजे अमेरिकेतच, 'कॉलोनिया' म्हणतात अशा वस्त्या आहेत. एकट्या टेक्सासमध्ये दोन हजारांहून जास्त, आणि त्यांत लाखो माणसं राहतात. १९५०च्या दशकापासून तिथल्या जमीनमालकांनी शहराच्या हद्दीबाहेर, शेतीला फारशी उपयोगी नसलेल्या जमिनीचे तुकडे पाडले आणि हप्त्यांवर विकले. पाणी नाही, गटार नाही, रस्ता नाही. शेवटचा हप्ता भरेपर्यंत जमिनीचा कागदही नावावर नाही, मधे हप्ता चुकला तर जमीन परत मालकाची. घेणारे बहुतेक शेतमजूर, बांधकामावरचे कामगार. शहरात घर परवडत नाही म्हणून तिथे गेलेले. संडासासाठी खड्डा, पाण्यासाठी उथळ विहीर किंवा पिंप. दोन्ही एकाच तुकड्यात.

सीमेवरची वस्ती म्हटलं की लोकांना वाटतं, अडचण दोन देशांमधली असणार. माझ्या टेबलावर जेवढी कामं आली त्यांत अडचण शहराच्या हद्दीची होती. शहर म्हणे, ते आमच्यात येत नाहीत. काउंटी, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन, म्हणे, आम्हाला गटार बांधायचा अधिकारच नाही. १९८९ साली टेक्सासने अशा वस्त्यांसाठी वेगळा निधी काढला. १९९०च्या दशकात दोन्ही देशांनी मिळून सीमाभागाच्या पाण्या-सांडपाण्यासाठी नॉर्थ अमेरिकन डेव्हलपमेंट बँक काढली. तेव्हा कुठे एल पासोच्या खालच्या अंगाच्या सोकोरो, सॅन एलिझारिओसारख्या भागांत नळ्या पडू लागल्या.

पण नळी रस्त्यातून गेली म्हणजे काम झालं, असं झालं नाही. रस्त्यातली मुख्य लाईन सरकारी पैशातून आणि घरापासून लाईनपर्यंतचा तुकडा घरमालकाच्या खिशातून. घर नियमात बसत नसेल तर जोडणीची परवानगी नाही. कित्येक घरांत आतून नळजोडणीच नव्हती. मी स्वतः अशा रस्त्यांवर उभा राहिलोय, जिथे गटाराची झाकणं चकचकीत नवी आणि दोन्ही बाजूंच्या घरांत जुने खड्डे चालूच. पुढे घरजोडणीचा खर्चही योजनेतच धरायला लागले, तेव्हा फरक पडला.

माझा प्रश्न असा. आमच्यासारख्या वाड्यांचं काय करायचं? शहराची लाईन पुढे वाढवून मागायची, की आपलं वेगळं काहीतरी उभं करायचं? कोकणात कुणी केलं असेल, निदान प्रयत्न केला असेल, तर लिहा.

जांभा

मी गवंडीकाम करतो, रत्नागिरी तालुक्यात. बावीस वर्षं टाक्या बांधतोय. जे आहे ते लिहितो.

आमच्याकडे ज्याला सेप्टिक टाकी म्हणतात त्यातल्या बऱ्याच टाक्या नसतातच. जांभ्याच्या चिऱ्याचा खड्डा असतो. बाजूला सिमेंट आणि खाली उघडी जमीन. मालकच सांगतो, तळाला कोबा घालू नकोस, मुरू दे. कारण तळ बांधला की टाकी भरणार, भरली की गाडी बोलवावी लागणार. मग गावात अभिमानाने सांगतात, आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसली नाही. न भरणारी टाकी म्हणजे गळणारी टाकी. सगळं खाली जातंय.

नियमाप्रमाणे पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद टाकी, आत एक मीटर पाणी, तळ आणि भिंती पक्क्या, आणि दोन-तीन वर्षांनी उपसा. बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात. एवढं केलं तरी निम्मं काम होतं.

आणि जांभ्याचं एक लक्षात घ्या. देशावरच्या मातीत पाणी हळूहळू गाळत जातं. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात. पाणी गाळलं न जाता सरळ धावतं. वरच्या आळीतल्या टाकीचं पाणी पावसाळ्यात खालच्या आळीच्या विहिरीत उतरतं, हे मी रंग टाकून बघितलंय.

खाडीकाठ

@जांभा, दादा, एवढं सरळ लिहिलंत, आभार. आमच्याकडे जांभाही नाही, नुसती वाळू. विहिरीचं पाणी पाच-सहा फुटांवर, श्रावणात तर हात घालून तांब्या भरता येतो. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट असतं, असा हिशोब आहे. म्हणजे आम्ही वरून जे मुरवतो ते त्याच तरंगत्या थरात जातं, आणि तोच थर आम्ही पितो. दोन खड्ड्यांच्या संडासालाही, पाणी वर असेल तर, विहिरीपासून किमान १० मीटर अंतर लागतं. आमच्या वाडीत दोन घरांत तेवढं अंतर नाही. एकदा टेप घेऊन प्रत्येक विहिरीपासून टाकीचं माप घ्यायला हवं.

आवाठ

मी ह्या सगळा वाचलंय. आमच्या बावीपासून शेजाऱ्याची टाकी आठ पावलांर आसा. बांदली तेव्हा कोणी इचारूक नाय आणि आमीव बोलाक नाय. भावकी ती. आता बोलूक गेलंय तर भांडाण जातला. पण नातवाक दोनदा जुलाब झाले, डॉक्टर म्हणता पाणी उकळून घ्या. किती उकळतलंय? तुमी मापा घेवक येशात तर आमच्या बावीपासून सुरवात करा.

खाडीकाठ

येतो, काकी. तुमच्याकडूनच सुरुवात.

वेताळटेंब

शहराची लाईन वाढवून मागा. तुम्ही कर भरता, तो हक्क आहे. स्वतःचं काहीतरी करायला गेलात की शासन अंग काढून घेईल, म्हणेल तुमचं तुम्ही बघा. पाणी योजनेत हेच झालं. विहीर, टाकी, पंप सगळं बांधून गावाच्या गळ्यात घातलं आणि दुरुस्तीला कोणी नाही.

खाडीकाठ

@वेताळटेंब, तुमचं म्हणणं हक्काच्या बाजूने शंभर टक्के खरं. मला अडवतंय ते वाळू आणि उतार.

नेहमीच्या गटाराची नळी आपोआप वाहायला हवी तर तिला उतार लागतो. लहान नळीला मीटरमागे पाच-सहा मिलिमीटर. आमची वाडी दीड किलोमीटर लांब आणि जमीन सपाट. पहिल्या अर्ध्या किलोमीटरातच नळी तीन मीटर खाली जाते. तीन मीटरवर आमच्याकडे भरलेलं पाणी आहे. वाळूत तेवढा चर खणला की कडा ढासळतात, आतलं पाणी सतत उपसावं लागतं. मग दर काही अंतरावर पंपघर. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे वीज किती टिकते हे सगळ्यांना ठाऊक आहे. निसर्ग वादळानंतर, ३ जून २०२०ला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किती दिवस वीज नव्हती ते आठवा. पंप बंद म्हणजे मैला चेंबरमधून रस्त्यावर.

दुसरी पद्धत आहे. घराची टाकी पक्की करायची, गाळ टाकीतच राहू द्यायचा, आणि फक्त वरचं पाणी बारीक नळीने बाहेर न्यायचं. घट्ट काही नसल्यामुळे नळी तुंबत नाही, तिला तेवढा उतार लागत नाही. पाऊणशे ते शंभर मिलिमीटरची नळी जमिनीच्या चढउताराबरोबर उथळ जाते. शेवटी वाडीच्या टोकाला उंचवट्यावर ते पाणी साफ करायला खडीचा वाफा, त्यात कर्दळ. गाळ मात्र दोन-तीन वर्षांनी गाडीनेच न्यायचा. ही तडजोड मी आनंदाने मांडत नाहीये. शहरातल्या माणसाला बटण दाबलं की विसरता येतं, वाडीतल्या माणसाला टाकीची काळजी उरतेच.

सुरंगी

माझं घर पर्यटकांसाठी आहे, चार खोल्या. मे महिन्यात घरात सहा माणसं असतात त्याची वीस-बावीस होतात. टाकी बांधली ती घरच्या सहाजणांसाठी. दोन वर्षांपूर्वी मेच्या ऐन गर्दीत भरली. सक्शनची गाडी तालुक्याहून यायला तीन दिवस लागले. गल्ली अरुंद, गाडी आत शिरेना, पाइप कमी पडला. आलेल्या पाहुण्यांना मी शेजारच्या घरी पाठवलं, तो दिवस मी विसरू शकत नाही.

गाडीवाल्याला विचारलं, हे नेऊन टाकतोस कुठे? तो गप्प बसला. नंतर कळलं की माळावर. तो माळ आमच्या पाणी योजनेच्या वरच्या बाजूला आहे. तेव्हापासून मला वाटतं, आधी गाळ कुठे न्यायचा ते ठरवा. टाकी पक्की करून गाळ माळावर ओतायचा असेल तर काय साधलं?

कृष्णाकाठ

मी कोकणातला नाही, वाईचा. सुरंगीताईंचा मुद्दा आमच्याकडे असा सुटला. वाई आणि सिन्नर या दोन नगरपरिषदांनी २०१८च्या सुमारास टाक्या वेळापत्रकाने उपसायला सुरुवात केली. तुमची टाकी भरली म्हणून फोन करायचा नाही. गाडी प्रभागानुसार पाळीपाळीने प्रत्येक घरी येते, तीन वर्षांत एक फेरी पूर्ण. त्या वेळी वेगळे पैसे मागत नाहीत, ते करातून जातात. गाळ मैला गाळ प्रक्रिया केंद्रात जातो. भुयारी गटार नसतानाही एवढं करता येतं.

सुरुवातीला लोक गाडी परत पाठवायचे. आमची टाकी भरलेली नाही, कशाला उघडता, म्हणायचे. झाकण फरशीखाली गाडलेलं, ते फोडायची तयारी नाही. घरोघर जाऊन समजवावं लागलं.

दप्तर

मी निवृत्त ग्रामसेवक. पैशांचं लिहितो, कारण ग्रामसभेत शेवटी गाडी तिथेच अडते.

स्वच्छ भारत अभियान ग्रामीणचा दुसरा टप्पा २०२०ला सुरू झाला. त्यात मैला गाळ व्यवस्थापनासाठी माणशी २३० रुपयांपर्यंत तरतूद होती आणि सांडपाण्यासाठी, पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला, माणशी २८० रुपयांपर्यंत. तुमची वाडी ११०० माणसांची धरली तर गाळासाठी झाले २ लाख ५३ हजार आणि सांडपाण्यासाठी ३ लाख ८ हजार. एवढ्यात प्रक्रिया केंद्र होत नाही, गाडीसुद्धा येत नाही. म्हणून एकट्या गावाने प्रस्ताव करू नये. दहा-पंधरा ग्रामपंचायतींनी मिळून एक केंद्र, किंवा शहराच्या केंद्रात गावांचा गाळ घ्यायचा करार. तसा करार करता येतो. शहराच्या आराखड्यात आत्ताच ते लिहून घ्या. बांधून झाल्यावर क्षमता वाढवून मागणं फार अवघड.

पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या पैशातला साठ टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला होता. आमच्याकडे तो बहुतेक पाइप आणि पेव्हर ब्लॉकवर गेला. मीच बिलं काढली आहेत.

आणखी एक. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी द्यायचं ठरलं. वापरलेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं असं अभियांत्रिकीत धरतात. म्हणजे माणशी ४४ लिटर, ११०० माणसांचं दिवसाला ४८ हजार लिटरच्या वर. पूर्वी विहिरीवरून कळशीने पाणी आणायचे तेव्हा वापर कमी होता, तो मुरून जायचा. नळ आला, आणि गेलेल्या पाण्याचं काय करायचं हे त्या कागदात पुरेसं आलं नाही.

पाणकणीस

जलसुरक्षक म्हणून काम करते. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, विहिरीत टाकतो, पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायला ओटी टेस्ट करतो, पिवळा रंग आला की झालं. पण टीसीएल आज टाकलं तर उद्या उतरतं. शेजारच्या टाकीतून पाणी येतच राहतं. आमच्या ग्रामपंचायतीला पाण्याच्या तपासणीत पिवळं कार्ड मिळालं होतं, ते हिरवं करायला सगळ्यांनी धडपड केली ती टीसीएलची. टाक्यांकडे कुणी बघितलं नाही. बाटल्यांची तपासणी एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये करा, फरक दिसेल.

हर्णैबंदर

आमचे आजोबा फाळणीआधी कराचीत होते, गोदीत. कोकणातली पुष्कळ माणसं तेव्हा आगबोटीने मुंबईला, तिथून कराचीला जायची. म्हणून कराचीतल्या ओरंगी वस्तीचं मी बारकाईने वाचलंय. आपल्याच अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावरची वस्ती.

१९८० साली अख्तर हमीद खान यांनी तिथे काम सुरू केलं. लोकांचं म्हणणं होतं, सरकार गटार देत नाही. त्यांनी काम दोन भागांत वाटलं. घरातला संडास आणि गल्लीतली नळी लोकांनी आपल्या पैशाने, आपल्या देखरेखीखाली घालायची. मोठा नाला आणि प्रक्रिया सरकारची. गल्ली म्हणजे वीस-तीस घरं, त्यांचा एक माणूस पैसे गोळा करणार. ठेकेदार गेला की खर्च कितीतरी कमी झाला. पुढे त्याच प्रकल्पातल्या परवीन रहमान यांनी वस्त्यांचे आणि नाल्यांचे नकाशे करून घेतले. ज्या वस्त्या सरकारी नकाशावर नव्हत्या त्या कागदावर आल्या. २०१३च्या मार्चमध्ये त्यांची हत्या झाली.

वेताळटेंब यांची भीती मला ओरंगीमुळेच खोटी वाटत नाही. गल्ल्यांनी आपलं काम केलं, पण सरकारच्या वाट्याचं काम कित्येक वर्षं मागेच राहिलं. म्हणून वाडीने काय करायचं आणि शासनाने काय करायचं ते ठरावात तारखेसह लिहून घ्या.

वेताळटेंब

हे पटतं. तारखेसह.

दवाखाना

खाडीच्या पाण्याबद्दल कुणी बोललं नाही. तिसऱ्या, कालवं, खुबे हे शिंपल्यांतले जीव पाणी गाळूनच जगतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं. १९८८ साली शांघायमध्ये दूषित पाण्यातल्या शिंपल्या नीट न शिजवता खाल्ल्यामुळे सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली, हिपॅटायटिस ए. आपल्याकडे कालवं मसाल्यात चांगली शिजवतात, त्यामुळे बराच धोका टळतो. पण ती काढणाऱ्या बायका तासन्‌तास कमरेइतक्या त्याच पाण्यात उभ्या असतात. त्यांच्या पायांच्या जखमा मी दर आठवड्याला बघतो.

पुराचंही तसंच. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं तेव्हा गाळ उपसणाऱ्यांना आम्ही लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) गोळ्या देत होतो. त्या गाळात किती टाक्यांमधला मैला होता, त्याची मोजदाद कोण करणार?

खाडीकाठ

@दवाखाना, म्हणूनच शहराने आमच्याकडे पाठ फिरवू नये असं मला सभेत म्हणायचंय. ओहोटीला आमच्या खाडीचं पाणी त्यांच्या चौपाटीवर जातं. तिहुआना आणि सॅन डिएगोचं हेच झालं. तिहुआना मेक्सिकोत उंचावर, नदी उतरते अमेरिकेत. पलीकडच्या वस्त्या डोंगरांवर वाढत गेल्या, गटारं मागे राहिली, मैला नदीतून अलीकडे. शेवटी अमेरिकेने आपल्या जमिनीवर, सीमेला लागून, तिहुआनाचा मैला साफ करायला केंद्र बांधलं, दिवसाला अडीच कोटी गॅलन, म्हणजे जवळजवळ साडेनऊ कोटी लिटरचं. तेही पुरलं नाही. अमेरिकेच्या बाजूच्या इम्पीरियल बीचचा किनारा सलग हजाराहून जास्त दिवस बंद राहिला. तिथे तर दोन देश आहेत, आपल्याकडे एक पंचायत समिती.

पाणकणीस

आणखी एक लिहायचं राहिलं. टाकीत माणूस उतरवू नका. गाडी शिरत नाही म्हणून आमच्या शेजारच्या गावात दोघांना पैसे देऊन बादलीने उपसायला लावलं होतं. कोणत्या वाडीतली माणसं होती ते लिहायला नको, सगळ्यांना कळतं. २०१३च्या कायद्याने ते गुन्हा आहे. टाकीतल्या वायूने माणूस एका श्वासात कोसळतो, वाचवायला उतरलेला दुसराही जातो. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली. जो प्रस्ताव कराल त्यात लांब पाइपची लहान गाडी पहिली लिहा, बाकी सगळं नंतर.

जांभा

बरोबर. आणि झाकण फरशीच्या वर, हाताला येईल असं ठेवा. मी यापुढे तळाला कोबा न घालता टाकी बांधणार नाही. दोन कामं गेली तरी चालतील.

खाडीकाठ

आजचं कळवतो. सकाळी सात ते दोन, आम्ही सहाजण फिरलो. आवाठकाकींच्या विहिरीपासून सुरुवात केली. टेपने प्रत्येक विहिरीपासून सगळ्यात जवळच्या टाकीचं अंतर घेतलं, झाकण कुठे आहे ते विचारलं, तळ पक्का आहे का ते विचारलं. वाडीतली १४३ घरं झाली. शेजारी आधी बाहेर आला नाही. काकींनी त्याला चहाला बोलावलं आणि टेपचं दुसरं टोक त्याच्याच हातात दिलं. अंतर भरलं पाच मीटर चाळीस. तो काही बोलला नाही, पण पुढच्या तीन घरांना आमच्याबरोबर आला.

नकाशा दप्तरकाकांना पाठवलाय. ग्रामसभेत तीन गोष्टी मांडणार आहे: शहराच्या केंद्रात आमच्या गाळाला जागा, लहान गाडी, आणि बारीक नळीच्या योजनेत घरजोडणीचा खर्चही धरणं.

सुरंगी

१४३मध्ये जेटीकडच्या खोल्या धरल्या का? बोटींवरचे खलाशी राहतात त्या. नेपाळची पोरं आहेत, काही कर्नाटकातली. एका खोलीत दहा-बाराजण, आणि संडास एकच, तोही मालकाच्या आवारात, रात्री कुलूप. ती पोरं पहाटे वाळूवर जातात. सप्टेंबर ते मे तिथेच असतात.

खाडीकाठ

नाही धरल्या, सुरंगीताई. घरपट्टीच्या यादीवरून निघालो आणि त्या खोल्या यादीत मालकाच्या नावावर एकच घर म्हणून आहेत. मीही यादीच्या हद्दीपाशीच थांबलो. उद्या बोटी लागल्या की संध्याकाळी जातो. नेपाळी बोलणारं कुणी ओळखीत असेल तर सांगा.

हर्णैबंदर

आमच्या बोटीवरचा तांडेल बोलतो. त्याचा नंबर तुम्हाला खरडवहीत टाकतो.